स्वस्त विमानप्रवासाची पडतळ

व्यापारात भाव आणि पडतळ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे दुकानाच्या गादीवर वाढलेल्या मुलाला शिकवावे लागत नाही. राजनांदगावहून किंवा गोंदियाहून तांदूळ मागवताना बाजारभाव हा हिशेबाचा केवळ आरंभ असतो. त्यात हमाली, भाडे, तूट, दलाली आणि उधारीचे व्याज मिळवल्यानंतर जी रक्कम हाती येते तीच मालाची खरी किंमत. मात्र हाच व्यापारी मोबाईलवर विमानाचे तिकीट पाहतो, तेव्हा पडद्यावर दिसणाऱ्या मोठ्या आकड्यालाच प्रवासाचा खर्च मानून मोकळा होतो. कामठी व परिसरातील व्यापारी कुटुंबांत आता विमानप्रवास ही अपूर्वाई राहिलेली नाही. पुणे, मुंबई, हैदराबाद, इंदूर येथे लग्नकार्य, खरेदी, औषधोपचार किंवा मुलांचे शिक्षण यांसाठी वर्षातून दोन-चार फेऱ्या होतातच. म्हणूनच या फेऱ्यांची पडतळ एकदा नीट काढणे आवश्यक झाले आहे.

नागपूरचे आणि विमानाचे नाते जुने आहे. १९४९ च्या जानेवारीत देशात रात्रीची हवाई टपालसेवा सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास येथून निघालेली विमाने मध्यरात्रीच्या सुमारास नागपूरला एकत्र येत, आपापल्या टपालाच्या थैल्यांची अदलाबदल करीत आणि पहाटेपर्यंत स्वस्थानी परतत. देशाच्या मध्यावर असण्याचा हा लाभ होता. व्यापाऱ्याचे मुंबईचे पत्र एका रात्रीत कलकत्त्यास पोहोचू लागले, परंतु पत्र लिहिणारा व्यापारी स्वतः मात्र रेल्वेनेच जात राहिला, कारण विमानाचे भाडे त्याच्या आवाक्याबाहेर होते.

ही स्थिती बदलली ती कायद्याने आणि नव्या व्यवसायपद्धतीने. १९९४ मध्ये सरकारी मक्तेदारीचा कायदा रद्द झाला. २००३ मध्ये कॅप्टन गोपीनाथ यांच्या एअर डेक्कनने दक्षिणेतील लहान शहरांना जोडणारी स्वस्त सेवा सुरू केली आणि २००६ मध्ये इंडिगो आली. या पद्धतीचे मूळ अमेरिकेत आहे. टेक्सास राज्यातील तीन शहरांमध्ये १९७१ साली साउथवेस्ट या कंपनीने स्वस्त उड्डाणे सुरू केली आणि तिचे सूत्र पुढे जगभर उचलले गेले. विमाने शक्यतो एकाच प्रकारची ठेवायची, म्हणजे वैमानिकांचे प्रशिक्षण आणि सुटे भाग यांवरील खर्च कमी होतो. विमान जमिनीवर अर्ध्या तासापेक्षा अधिक थांबू द्यायचे नाही, कारण उभे विमान हे बंद दुकानासारखे असते. भाडे चालूच राहते आणि विक्री होत नाही. जेवण, आसनाची निवड, जादा सामान या गोष्टी तिकिटातून काढून स्वतंत्रपणे विकायच्या.

तिकिटाचा भाव दर तासाला का बदलतो, याचेही उत्तर व्यापाऱ्याच्या परिचयाचे आहे. विमानातील आसन हा भाजीपेक्षाही लवकर नासणारा माल आहे. दार बंद झाले की रिकाम्या आसनाची किंमत शून्य होते. दुसरीकडे विमान उडण्याचा खर्च आसने भरोत वा न भरोत, जवळजवळ तेवढाच असतो. त्यामुळे कंपनी पहिली काही आसने कमी भावात विकून किमान भरणा निश्चित करते आणि उरलेली आसने, ज्याला जाणे भागच आहे अशा प्रवाशासाठी, चढ्या भावात राखून ठेवते. कोर्टाची तारीख, अचानक आलेले आजारपण, अंत्यविधी यांसाठी निघालेला माणूस भाव पाहत बसत नाही, हे कंपनीला ठाऊक असते. सणासुदीच्या आणि लग्नसराईच्या तारखा तर दोन-तीन महिने आधी ठरलेल्या असतात. अशा तारखांची तिकिटे शेवटच्या आठवड्यात घेणे म्हणजे दिवाळीचा माल धनत्रयोदशीला खरेदी करण्यासारखे आहे.

लहान शहरांसाठी केंद्र सरकारने ऑक्टोबर २०१६ मध्ये उडान योजना जाहीर केली. २७ एप्रिल २०१७ रोजी तिची पहिली उड्डाणे झाली आणि त्यांत सिमला-दिल्ली मार्गासोबत आपल्या महाराष्ट्रातील नांदेड-हैदराबाद मार्गही होता. सुमारे तासाभराच्या प्रवासाला २,५०० रुपये ही मर्यादा योजनेच्या आरंभी ठरवण्यात आली. या आकड्याची प्रसिद्धी खूप झाली, अटींची मात्र फारशी झाली नाही. ही मर्यादा विमानातील सर्व आसनांना लागू नव्हती. सुमारे निम्मी आसने या भावात द्यायची, उरलेली बाजारभावाने विकायची आणि जी तूट येईल ती सरकारने भरून द्यायची, अशी ही रचना आहे. ही भरपाई मुख्यतः मोठ्या मार्गांवरील उड्डाणांवर बसवलेल्या आकारणीतून येते, राज्य सरकारही आपला वाटा उचलते आणि सवलतीची मुदत साधारणपणे तीन वर्षांची असते.

अशा सेवेचे भवितव्य भरपाईवर आणि प्रवाशांच्या संख्येवर अवलंबून असते, याचे उदाहरण कामठीकरांच्या शेजारीच आहे. गोंदियाजवळचा बिरसी विमानतळ दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्रजांनी बांधला. तेथून मार्च २०२२ मध्ये फ्लायबिग या कंपनीने इंदूर-गोंदिया-हैदराबाद अशी सेवा सुरू केली. जिल्ह्यात मोठा आनंद झाला, परंतु काही महिन्यांतच ती सेवा बंद पडली. पुढे डिसेंबर २०२३ मध्ये इंडिगोने हैदराबादची सेवा सुरू केली, तेव्हा तेथे पुन्हा प्रवासी दिसू लागले. अमरावतीच्या बेलोरा विमानतळावरून १६ एप्रिल २०२५ रोजी मुंबईसाठी अलायन्स एअरचे विमान सुरू झाले. नव्या मार्गाचे स्वागत जरूर करावे. मात्र मुलाचे महाविद्यालय, व्यापाराची शाखा किंवा नियमित औषधोपचार यांची योजना केवळ अशा एका उड्डाणाच्या भरवशावर आखू नये. रेल्वेचा किंवा रस्त्याचा पर्याय तयार असावा.

आता प्रत्यक्ष पडतळीकडे वळू या. उदाहरणादाखल कामठीतील एका व्यापाऱ्याचा पुण्याचा एकेरी प्रवास घेऊ. आकडे नमुन्याचे आहेत. प्रत्येकाने त्यांच्या जागी आपले घालावेत. पडद्यावर दिसणारे तिकीट ४,२०० रुपयांचे. त्यात सुविधा शुल्क ३५०, आसनाची निवड ३००, विमानतळावरील किंवा विमानातील खाणेपिणे ३००, कामठीहून सोनेगावच्या विमानतळापर्यंत टॅक्सी ७०० आणि पुण्याच्या विमानतळावरून शहरात जाण्याचे ५०० रुपये. एकूण ६,३५० रुपये झाले. म्हणजे २,१५० रुपये, तिकिटाच्या निम्म्याहून किंचित अधिक रक्कम, तिकिटाबाहेर गेली. चौघांचे कुटुंब निघाले तर दोन्ही टोकांची टॅक्सी एकदाच लागते, म्हणून माणशी पडतळ ५,४५० रुपयांवर येते. एकट्याने प्रवास करणाऱ्याने टॅक्सीचा पर्याय शोधावा, असा याचा सरळ अर्थ आहे. कामठी रस्त्यावरील ऑटोमोटिव्ह चौकातून मेट्रोची नारंगी मार्गिका थेट एअरपोर्ट स्थानकापर्यंत जाते. स्थानकापासून टर्मिनलपर्यंत थोडे अंतर उरते, पण सामान हलके असेल तर या मार्गाने मोठी बचत होते. दुसऱ्या टप्प्यात मेट्रो कामठीमार्गे कन्हानपर्यंत आणण्याचे काम हाती घेतलेले आहे, तेव्हा हा हिशेब पुढे आणखी बदलेल.

पैशाइतकाच वेळाचा हिशेबही काटेकोर हवा. नागपूर-पुणे उड्डाण सुमारे दीड तासाचे. परंतु कामठीहून विमानतळ गाठण्यास एक तास, नोंदणी व तपासणीसाठी दोन तास, उतरल्यावर सामान मिळेपर्यंत अर्धा तास आणि पुण्याच्या वाहतुकीत एक तास धरला, तर घरापासून मुक्कामापर्यंत सहा तास होतात. १० ऑगस्ट २०२५ पासून अजनी-पुणे वंदे भारत सुरू झाली आहे. तिला ८८१ किलोमीटर अंतरास बारा तास लागतात. तिच्या तुलनेत विमानाने अर्धा दिवस वाचतो. पण रात्रीच्या गाडीशी तुलना केली तर चित्र पालटते. रात्रीची गाडी झोपेचा वेळ वापरते. संध्याकाळी दुकान वाढवून निघालेला माणूस सकाळी पुण्यात कामाला लागू शकतो आणि एका रात्रीचे निवासाचे भाडेही वाचते. सकाळी अकराचे विमान धरणाऱ्याची मात्र पूर्ण सकाळ आणि दुपारचा काही भाग प्रवासात जातो. ज्याची गाडीत झोप होत नाही, ज्याला मणक्याचा त्रास आहे किंवा ज्याच्यासोबत वृद्ध आई-वडील आहेत, त्याने अर्थातच हा हिशेब वेगळ्या रीतीने मांडावा. त्यांच्यासाठी मिळालेला आराम ही जमेची बाजू आहे.

अंतर जितके कमी, तितका विमानाचा लाभ घटतो. नागपूर-सिकंदराबाद वंदे भारत सप्टेंबर २०२४ पासून सुमारे सव्वासात तासांत पोहोचवते आणि प्रवाशाला शहराच्या मध्यात उतरवते. विमान हवेत तासाभराहून थोडे अधिकच असते, परंतु हैदराबादचा विमानतळ शहराबाहेर शमशाबादला आहे. दोन्ही टोकांचा वेळ मिळवला की बचत जेमतेम दोन-तीन तासांची उरते. तेवढ्यासाठी दुप्पट-तिप्पट खर्च करावा का, हे प्रत्येकाने आपल्या कामाकडे पाहून ठरवावे. समृद्धी महामार्ग ५ जून २०२५ रोजी पूर्ण खुला झाल्यापासून छत्रपती संभाजीनगर आणि नाशिकच्या दिशेने चौघांनी मोटारीने जाणे हाही विचारात घेण्याजोगा पर्याय झाला आहे. मात्र चालक थकलेला नसावा.

सामानाच्या बाबतीत सर्वाधिक पैसे विमानतळावर, घाईच्या क्षणी जातात. देशांतर्गत स्वस्त सेवेत हाती ठेवण्याची एक पिशवी ७ किलोपर्यंत आणि जमा करण्याचे सामान साधारणपणे १५ किलोपर्यंत चालते. कापडाचे नमुने, आहेराच्या साड्या, मिठाईचे डबे यांचे वजन घरातील काट्यावर आधीच करावे. जादा वजन घरून ऑनलाइन नोंदवले तर स्वस्त पडते, काउंटरवर तेच महाग होते. मिरचीची पूड हातातील पिशवीत चालत नाही. पॉवरबँक मात्र हातातच ठेवावी लागते, जमा करता येत नाही. शुभकार्यासाठी नेले जाणारे सुके खोबरे त्यातील तेलामुळे ज्वालाग्राही मानले जाते आणि ते काढून ठेवावे लागण्याचा प्रसंग येतो.

आहाराचे पथ्य पाळणाऱ्या कुटुंबांनी आणखी एक नोंद ठेवावी. विमानकंपन्यांच्या आंतरराष्ट्रीय संकेतांत जैन भोजनासाठी व्हीजेएमएल असा स्वतंत्र संकेत आहे. परंतु स्वस्त सेवेत जेवण तिकिटात नसते. ते आगाऊ मागवावे लागते आणि लहान विमानात निवड मर्यादित असते. खाखरा, ठेपले, कोरडी भेळ असा घरचा कोरडा शिधा बरोबर ठेवणे सर्वांत निर्धोक. चौविहार करणाऱ्यांनी तिकीट काढतानाच सूर्यास्त पाहावा. नागपुरात डिसेंबरात साडेपाचच्या सुमारास, तर जूनमध्ये सातच्या सुमारास सूर्यास्त होतो. हिवाळ्यात चार-साडेचारचे विमान घेतले आणि ते तासभर उशिरा निघाले, तर भोजनाची आणि पाण्याचीही वेळ विमानतळावरच टळते. अशा वेळी घरून जेवून निघणे किंवा सकाळचे उड्डाण निवडणे हाच उपाय. सकाळच्या उड्डाणांना उशीरही तुलनेने कमी होतो, कारण दिवसभरात एका विमानाचा उशीर पुढच्या प्रत्येक फेरीत साचत जातो.

उशीर किंवा रद्दबातलता झाल्यास प्रवाशाचे हक्क काय, हे फार थोड्यांना ठाऊक असते. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचे नियम याबाबत स्पष्ट आहेत. अडीच तासांपर्यंतच्या उड्डाणास दोन तासांहून अधिक उशीर झाल्यास वाट पाहणाऱ्या प्रवाशास अल्पोपाहार द्यावा लागतो. सहा तासांहून अधिक उशीर होणार असेल तर पर्यायी उड्डाण किंवा पूर्ण परतावा मागता येतो. कंपनीने वेळेत पूर्वसूचना न देता उड्डाण रद्द केले, तर परताव्याशिवाय भरपाईही देय असते. एक तासापर्यंतच्या उड्डाणास ५,००० रुपये, एक ते दोन तासांच्या उड्डाणास ७,५०० रुपये आणि त्यापुढे १०,००० रुपये, किंवा मूळ भाडे अधिक इंधन आकार, यांपैकी जी रक्कम कमी असेल ती मिळते. धुके, वादळ, संप अशा कंपनीच्या हाताबाहेरील कारणांसाठी ही भरपाई लागू होत नाही.

प्रवाशाने स्वतः तिकीट रद्द केले किंवा तो पोहोचूच शकला नाही, तरी विमानतळाचे शुल्क आणि वैधानिक कर त्याला परत मिळाले पाहिजेत. ‘परतावा नाही’ असे लिहिलेल्या स्वस्त तिकिटालाही हे लागू आहे. रद्द करण्याचे शुल्क मूळ भाडे आणि इंधन आकार यांच्या बेरजेपेक्षा अधिक असू शकत नाही. तिकीट एजंटाकडून घेतले असले तरी परताव्याची जबाबदारी विमानकंपनीचीच राहते. शंभर-दोनशे रुपयांची उधारी वर्षभर वहीत जपणारी माणसे हे पाचशे-सातशे रुपये मागतच नाहीत, हे आश्चर्य आहे. तक्रार प्रथम कंपनीकडे लेखी करावी आणि दाद न मिळाल्यास सरकारच्या एअरसेवा या संकेतस्थळावर नोंदवावी.

पेढीच्या कामासाठी प्रवास असेल तर तिकीट काढतानाच पेढीचे नाव आणि जीएसटी क्रमांक अचूक भरावा. साध्या वर्गाच्या तिकिटावर ५ टक्के कर असतो आणि व्यवसायासाठी केलेल्या प्रवासावरील हा कर नियमित करदात्यास वजावटीत घेता येतो. कंपोझिशन योजनेतील व्यापाऱ्यास ही सवलत नाही आणि कौटुंबिक सहलीचे तिकीट पेढीच्या नावे घालणे हे तर नियमबाह्यच. एका तिकिटामागे दीडशे-दोनशे रुपये ही रक्कम क्षुल्लक वाटेल, पण पाच माणसे वर्षभर फिरत असलेल्या पेढीत तिची बेरीज दुर्लक्षिण्याजोगी राहत नाही.

शेवटचा मुद्दा बँकेच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा आहे. आगाऊ काढलेले तिकीट म्हणजे विमानकंपनीस दिलेले बिनव्याजी, बिनतारण कर्ज होय. किंगफिशर ऑक्टोबर २०१२ मध्ये थांबली, जेट एअरवेज एप्रिल २०१९ मध्ये आणि गो फर्स्ट मे २०२३ मध्ये. प्रत्येक वेळी ज्यांच्या हाती पुढील तारखांची तिकिटे होती ते प्रवासी एका रात्रीत धनको झाले, आणि तेही तारण असलेल्या बँकांच्या मागे रांगेत उभे राहणारे. एखाद्या व्यापाऱ्यास माल उधार देताना त्याची पत पाहणारा माणूस विमानकंपनीची पत मात्र पाहत नाही. लग्नाच्या वऱ्हाडाची पन्नास तिकिटे सहा महिने आधी काढली तर दोन-अडीच लाख रुपये अडकतात. तेव्हा स्वस्ताईचा लाभ आणि अडकलेल्या रकमेची जोखीम यांचा मेळ घालावा. दीड-दोन महिने आधी खरेदी करणे बहुधा पुरेसे ठरते. मोठी रक्कम क्रेडिट कार्डाने भरावी, कारण सेवाच न मिळाल्यास बँकेमार्फत ती रक्कम परत मागण्याचा मार्ग खुला राहतो. वऱ्हाडाची सर्व तिकिटे एकाच कंपनीच्या एकाच उड्डाणात न काढता वर-वधूचे निकटवर्तीय आदल्या दिवशी पोहोचतील अशी योजना करावी.

याच कारणास्तव दोन स्वतंत्र तिकिटे जोडून पुढचा प्रवास आखताना सावध राहावे. नागपूर-हैदराबाद एका कंपनीचे आणि हैदराबादहून पुढचे दुसरीचे, असे स्वस्तात जमवले आणि पहिले विमान उशिरा पोहोचले, तर दुसरी कंपनी त्यास जबाबदार नसते. दुसरे तिकीट पूर्ण बुडते. एकाच नोंदणी क्रमांकावर सलग तिकीट थोडे महाग असते, पण पुढे पोहोचवण्याची जबाबदारी त्यात कंपनीवर राहते. ज्या कामास दुसऱ्या दिवशीची सवड नाही, जसे परीक्षा, शस्त्रक्रिया, निविदा उघडण्याची वेळ किंवा न्यायालयातील साक्ष, त्यासाठी दिवसाच्या शेवटच्या उड्डाणावर विसंबणे हा तर जुगारच होय. तेथे आदल्या रात्रीची रेल्वे अधिक भरवशाची.

घरातील तरुण मुले-मुली तिकिटे काढण्यात तरबेज असतात आणि सर्वांत कमी आकडा शोधून आणतात. त्यांच्या या कौशल्याला हिशेबाची जोड देणे वडीलधाऱ्यांच्या हाती आहे. प्रत्येक प्रवासानंतर तिकीट, टॅक्सी, खाणे, सामान आणि लागलेला एकूण वेळ एका पानावर मांडायला त्यांना सांगावे. अशी चार-सहा पाने जमली की कोणत्या कामास विमान, कोणत्या कामास रात्रीची गाडी आणि कोणत्या कामास मोटार, हे घराला आपोआप उमगू लागेल आणि मुलाच्या हातून पडतळीचा पहिला धडा गिरवला जाईल.